दुसरा नंबर कुणाचा?

आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत दोन गाडे शेजारी शेजारी कधीच पळत नाहीत. साताऱ्या-सांगलीकडचा पाहुणा मावळात पहिल्यांदा यात्रेला आला की त्यामुळे गोंधळतो. त्याच्याकडे मैदानात एका वेळी चार-सहा गाड्या सुटतात, जी पुढे जाईल ती जिंकते आणि हरलं कोण हे शेंबड्या पोरालाही दिसतं. इथे घाटात एका वेळी एकच गाडा. सगळ्यांत पुढे घोडी, तिच्यामागे जुकाटाची जोडी, तिच्यामागे धुरेची जोडी आणि शेवटी नावापुरता गाडा, ज्यात बसायला माणूससुद्धा नसतो. ध्वनिक्षेपकावर 'झाली... झाली... भिर्रर्र' होतं, धुरळा उठतो आणि डोळ्यांतली माती पुसेपर्यंत बारी संपलेली असते.

"अहो, पण हा पळतोय कुणाच्या विरुद्ध?" पाहुणा विचारतो.

"घड्याळाच्या," शेजारचे आप्पा सांगतात.

"आणि जिंकलं कोण?"

"आत्तापातुर? सतरा जण."

आप्पा थट्टा करत नसतात. ठरवून दिलेल्या सेकंदांच्या आत जेवढे गाडे वर पोचतील तेवढे सगळे पहिल्या नंबरात. त्यापुढच्या सेकंदातले दुसऱ्या नंबरात, मग तिसऱ्या. बक्षिसाची रक्कम त्या त्या नंबरातल्या गाड्यांत वाटून द्यायची. मोठ्या यात्रेत पहिल्या नंबरात वीस-पंचवीस गाडे येतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटलंच तर ते चौथ्या नंबरातल्या मालकाला वाटतं, पण त्याचाही राग दुसऱ्या गाड्यावर नसतो, घड्याळ धरणाऱ्यावर असतो. आता इलेक्ट्रॉनिक घड्याळं आल्यापासून तीही सोय गेली.

एवढ्या पहिल्यांमधून एक तरी वर काढायला हवा, म्हणून सगळ्यांत कमी वेळ घेणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पण यात्रा तीन दिवस चालली तर राजा रोज नवा होतो. हीच पदवी आमच्या बोरघाटात सायकलवाल्यांनाही मिळते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा चढ जो आधी चढेल तो घाटाचा राजा. पुढे पुण्यात तो कितवा येतो हा वेगळा हिशेब. म्हणजे राज्याभिषेक खंडाळ्याला करून घ्यायचा आणि तळेगावच्या सपाटीवर खुशाल मागे पडायचं. राजांचं एरवीही असंच होतं.

मध्यंतरी बैलगाड्यांचं हे सगळं बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी आणली. मग आंदोलनं झाली, २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तीही अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बाराएक सेकंदांच्या शर्यतीचा निकाल लागायला नऊ वर्षं लागली. त्या काळात जन्मलेला, वाढलेला, खुराक खाल्लेला आणि एकदाही न पळता म्हातारा झालेला बैल मावळातल्या गोठ्यागोठ्यांत होता. त्याच्याबद्दल मालक आजही छातीठोकपणे सांगतात, "पळाला असता तर ह्योच राजा." न पळालेल्या बैलाला हरवणं फार कठीण.

बंदी उठल्यावर मात्र बक्षिसांनी असा काही वेग घेतला, की बैल मागे पडले. मे २०२२ मध्ये इथून जवळच, पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत जी मोठी शर्यत झाली, तिच्या बक्षिसांत बोलेरो होती, ट्रॅक्टर होता, दुचाक्या होत्या आणि एक जेसीबी होता. ज्या यंत्रांनी बैलाला शेतातून घरी बसवलं, नेमकी तीच त्याला पळाल्याबद्दल बक्षीस दिली. ट्रॅक्टर जिंकून आणणाऱ्या बैलाला घरी आल्यावर काय वाटत असेल, हा प्रश्न प्राणिमित्रांनीही विचारला नाही.

मला या घाटावर एक गोष्ट लक्षात आली. जिंकायची हौस वाढली, की माणसं जास्त जोरात पळतात असं नाही. पहिले नंबर वाढवतात. हा शोध मावळाने यात्रेत लावला असेल, पण त्याचा खरा उद्योग केला तो लोणावळ्याने.

लोणावळ्याच्या बाजारात उतरा आणि चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या वाचत चला. एक दुकान 'सुप्रसिद्ध' आहे. त्याच्या शेजारचं 'असली' आहे. समोरचं 'सर्वांत जुनं' आणि कोपऱ्यावरचं 'एकमेव'. त्या एकमेवाच्या बाजूला आणखी एक एकमेव आहे. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तर इतक्या ठिकाणी आहे, की ती त्या पाटीचीच शाखा वाटावी. घाटात रेल्वेमार्गाचं काम चाललं होतं तेव्हा मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, ती पुढे चिक्की झाली, अशी कथा इथे सांगतात. त्या मजुरांनी गुडदाणी घेताना 'असली आहे का?' असं विचारलं नसावं. त्यांना दातांची काळजी असणार. आज मुंबईकर गाडीतून काच खाली करून फक्त एवढंच विचारतो आणि दुकानदार शांतपणे म्हणतो, "साहेब, असलीच." या उत्तराला दुकानागणिक कधीही फरक पडत नाही. काजू, चॉकलेट, गुलाबपाकळ्या, तीळ, राजगिरा असे चिक्कीचे प्रकार काढून प्रत्येकाने आपापला घाट वेगळा करून घेतला आहे. शेंगदाण्यात नाही तर राजगिऱ्यात, कुठेतरी पहिलं यायचंच.

नंबरावरून आठवलं. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आत वस्ती असलेल्या शहरांत देशात विटा पहिलं आलं, लोणावळा दुसरं, सासवड तिसरं. तिन्ही आपल्याच राज्यातली. म्हणजे लोणावळा देशात दुसरं आणि महाराष्ट्रातही दुसरंच. दोन्ही खरं, पण दुसरं वाक्य कुणी बोलत नाही. पुढे २०२३ च्या सर्वेक्षणाचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला, तेव्हा तिसरं सासवड पहिलं झालं, पाटण दुसरं, आणि लोणावळा तिसरं. पाटण म्हणजे कोयनेकाठचं नव्हे, छत्तीसगडचं. साताऱ्याच्या लोकांनी उगाच फटाके वाजवू नयेत.

लोणावळ्यावर यात थोडा अन्याय होतो, हे मी लोणावळेकर नसूनही म्हणतो. सासवडला कचरा सासवडकर करतात आणि सासवडकर उचलतात, हिशेब घरातला. लोणावळ्यात कचरा करायला माणसं मुंबईहून येतात, काही पुण्याहून, पेट्रोल जाळून, टोल भरून, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजत बसून. कणसाची बुरकुंडं, वेफर्सची पाकिटं आणि एकेकटी चप्पल मागे ठेवून रविवारी रात्री परत जातात. सोमवारी सकाळी लोणावळा पुन्हा स्पर्धेत उतरतं. सर्वेक्षणवाले मंगळवारी आले तर पहिला नंबर पक्का.

याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं. योगाचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, प्रयोगशाळेत मोजमाप व्हावं, हा त्यांचा ध्यास. मोजमापाची ती आवड आपण फारच मनावर घेतली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. जय आणि पराजय सारखेच मानावेत, असं गीता सांगत आली. आता ते ज्याला सगळ्यांत चांगलं जमतं त्याला सुवर्णपदक मिळू शकतं आणि ज्याचं अर्ध्या गुणाने हुकतं तो पंचांकडे दाद मागतो. शवासनाला अजून स्वतंत्र गट नाही. झाला तर तालुक्यातून संघ पाठवायला अडचण येऊ नये. जेवणानंतर नियमित सराव करणारे पुष्कळ आहेत.

पण जिंकण्या-हरण्याच्या बाबतीत मावळाचा खरा अनुभव जुना आहे. १७७८ च्या डिसेंबरात राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला म्हणून इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. चारएक हजार शिपाई आणि इतिहासकारांनी नोंदवलेले सुमारे १९,००० बैल. एकोणीस हजार! आजच्या कुठल्याही यात्रेला एवढी नोंदणी झालेली नाही. आणि एवढे बैल असून खंडाळ्याहून तळेगावला पोचायला त्यांना पंधरवडा लागला. आमच्या घाटावर या बारीला कुठल्याच नंबरात बसवलं नसतं.

तळेगावात अन्नाचा दाणा मिळेना, पुढे महादजी शिंदे, मागेही मराठेच. जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज रातोरात मागे फिरले आणि वडगावात कोंडीत सापडले. जानेवारी १७७९ मध्ये तिथे तह झाला. साष्टी परत करू, राघोबा तुमच्या हवाली करू, बंगालहून निघालेली फौज परत पाठवू, सगळं कबूल. सह्या झाल्या आणि मराठ्यांनी त्यांना सुखरूप घरी जाऊ दिलं. मुंबईला पोचल्यावर इंग्रज म्हणाले, सह्या करणाऱ्यांना अधिकारच नव्हता. कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जनेही तह अमान्य केला आणि युद्ध पुढे साडेतीन वर्षं चाललं.

बाहेरच्या माणसाला हा विश्वासघात वाटतो. मावळातल्या माणसाला हा रोजचा व्यवहार वाटतो. इथे जमिनीचं साठेखत होतं, इसार घेतला जातो, पेढे वाटले जातात आणि खरेदीखताच्या दिवशी मुंबईहून एक आत्या उगवते आणि म्हणते, माझी सही कुठंय? वडगावचा तह म्हणजे तालुक्यातलं पहिलं मोठं साठेखत. खरेदीखत झालंच नाही.

याच मोहिमेत ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट नावाचा इंग्रज अधिकारी तोफेच्या गोळ्याने मेला. लढला मात्र असा, की मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून नावाजलं. वडगावात त्याची समाधी आहे आणि जाणारे-येणारे तिला हात जोडतात. लढाई मराठ्यांनी जिंकली, विजयाचं स्मारकही वडगावात आहे, महादजींचा पुतळा आहे, तिथे अधूनमधून हार पडतात. पण हरलेल्या बाजूच्या, परधर्माच्या, परमुलखातून चालून आलेल्या माणसालाही गावाने आपला म्हणून ठेवून घेतलं. ज्या कर्नलने आणि समितीने तहावर सह्या केल्या, त्यांची नावं इथे कुणालाही येत नाहीत. मला वाटतं, यापेक्षा चांगला निकाल कुठल्याच पंचाने दिला नसता. आणि हा निकाल देताना गावाने कुणाला विचारलंही नाही.

अलीकडचीही एक लढाई सांगायला हवी. वेदांता-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींहून मोठा सेमीकंडक्टरचा कारखाना तळेगावजवळ येणार, असं बोललं जात होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपन्यांनी गुजरातशी करार केला. मग महाराष्ट्र हरला कुणामुळे, यावर मुंबईत दोन पक्षांची वेगळीच स्पर्धा लागली आणि ती बराच काळ बरोबरीत राहिली. दरम्यान जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. म्हणजे गुजरात जिंकलं ते काय, आणि तळेगाव हरलं ते काय, हे ठरवायला आता आप्पाच पाहिजेत. तळेगावातल्या एजंट मंडळींनी मात्र त्या बातमीवर भाव वाढवले होते, ते कारखाना गेल्यावरही खाली आणले नाहीत. त्या सगळ्या प्रकरणात निर्विवाद पहिले तेच.

लोहगड आणि विसापूरचंही असंच काहीतरी चाललेलं असतं, फक्त ते बोलत नाहीत. मध्ये गायमुखाची खिंड, दोन बाजूंना दोन किल्ले. विसापूर उंचीने जास्त आणि पसाऱ्यानेही मोठा. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि तो वरच्या अंगाला असल्यामुळे लोहगडचा टिकाव लागेना. अशा विसापूरच्या देखत ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये नाव लागलं ते लोहगडाचं. मोठ्या भावाचं लग्न राहावं आणि धाकट्याला स्थळ यावं, तसं झालं. पण दर रविवारी लोहगडवाडीचा रस्ता गाड्यांनी तुंबतो, पायऱ्यांवर रांग लागते आणि गर्दी इतकी होते की खाली उतरायलाही नंबर लावावा लागतो. समोर विसापूरच्या तटावर मोजकी माणसं निवांत फिरत असतात. यादीत नाव नसण्याचे फायदे यादीत नाव असलेल्याला कुणी समजावून सांगत नाही.

द्रुतगती मार्गावर मात्र स्पर्धा उघडउघड आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता मुंबई जवळ आली. जवळ आली ती शेजारच्या लेनमधली गाडी. घाटात एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडतो तेव्हा दोघांच्या वेगात एवढा सूक्ष्म फरक असतो, की तो मोजायला आमचं यात्रेतलं घड्याळ आणावं लागेल. दोघंही पहिल्या नंबरात, आणि त्यांच्यामागे दोनशे गाड्या उत्तेजनार्थ. डावीकडून घुसून, दिवे मारून, हॉर्नने आईवडील आठवायला लावून जो माणूस पुढे जातो, तो उर्से टोलनाक्यावर आपल्या शेजारच्या रांगेत उभा असतो. आपण त्याच्याकडे बघतो, तो समोर बघतो. कधीकधी आपली रांग आधी सरकते. त्या क्षणाचा आनंद लोणावळ्याच्या हवेपेक्षा जास्त असतो, हे मान्य करायला हवं.

त्याच घाटातली रेल्वे मला जास्त शहाणी वाटते. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. सुरुवातीला ती शनिवार-रविवारची गाडी होती, पुण्याच्या रेसला येणाऱ्या शौकिनांची त्यात सोय व्हायची. राणी असली तरी तिला आणि इतर गाड्यांनाही कर्जतहून घाट चढायचा तर मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, कारण चढ सदतीसाला एक. दोन-तीन इंजिनं मागून ढकलतात, लोणावळ्याला सुटतात आणि एकेकटी कर्जतला उतरून पुढच्या गाडीच्या मागे लागतात. गाडी वेळेवर आली तर कौतुक राणीचं, उशीर झाला तर 'बँकर लागायला वेळ झाला'. आमच्या ओळखीचे एक निवृत्त कारकून आहेत, त्यांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले आणि म्हणाले, "मी छत्तीस वर्षं कर्जतलाच होतो म्हणा की." ते आयुष्यात कर्जतला उतरलेले नाहीत.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तळेगावातल्या एका सोसायटीने गणेशोत्सवात मला पाककला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. आधी नुसती मोदकांची स्पर्धा होती. मग कुणीतरी उकडीचे आणि तळणीचे असे दोन गट करा म्हणालं. मग पस्तिशीच्या आतले आणि पुढचे. मग पुरुषांचा गट, कारण ए विंगमधल्या काकांनी आदल्या वर्षी आक्षेप घेतला होता. मग मूळच्या मावळच्या आणि बाहेरून आलेल्या असे गट करायची सूचना आली, ती मात्र अध्यक्षांनी वेळीच मागे घ्यायला लावली. प्रत्येक गटात पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ दोन. एवढी बक्षिसं आणि प्रत्यक्षात मोदकांची ताटं आली त्यांच्या निम्मी.

मी प्रामाणिकपणे चव घेतली, गुण दिले आणि सेक्रेटरींना म्हटलं, "ताई, तळणीच्या पुरुष गटात एकच स्पर्धक आहे. त्याला पहिला देऊ. बाकीचे नंबर राहू द्या."

"असं कसं, सर? ट्रॉफ्या आणल्यात ना. परत घेत नाही तो दुकानदार."

"मग कुणाला देणार?"

त्यांनी सभोवार पाहिलं. दुसरा क्रमांक साउंडवाल्याला दिला. त्याने दिवसभर काही तळलं नव्हतं, पण माइकने दगा दिला नव्हता. तिसरा वॉचमनला. राहिलेल्या उत्तेजनार्थांपैकी एक, टाळ्यांच्या गजरात, परीक्षक म्हणून मला. घरी येऊन ट्रॉफीवरचा प्लास्टिकचा कागद सोडला तर खाली सोनेरी अक्षरांत 'प्रथम क्रमांक' छापलेलं. सेक्रेटरींना फोन करून ही चूक सांगितली, तर त्या म्हणाल्या, "चूक नाही सर, त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्या मिळतच नाहीत. खप नाही म्हणतो."